विरजणाची उसनवारी

अर्धापूर परिसराची परंपरा चीजची नाही, विरजणाची आहे. पण दुधातल्या जिवाणूंवरचं संकट दोन्हीकडे एकच. न्यूझीलंडच्या चीज उद्योगात एकाच वाणाचं शुद्ध विरजण आलं आणि दूध आंबेनासं झालं. 1935 मध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी कारण दाखवलं: जिवाणूंना मारणारा विषाणू. हा माणसाला बाधत नाही. शेजारघरून आणलेल्या विरजणात मात्र अनेक वाण नांदतात. एक मेला तरी दुसरा दही लावतो. म्हणून ही उसनवारी मला निव्वळ सोय वाटत नाही, ते टिकाऊ तंत्र आहे. घरचं दही कधी आंबट, कधी तार सुटणारं होतं, हा आक्षेप खराच. पण एकसारखेपणासाठी धडपडणाऱ्या कारखान्यांनाही पुढे वाण आलटूनपालटूनच वापरावे लागले.