गळू पिकण्याची वेळ

पैनगंगेकाठच्या आमच्या उमरखेड भागात हळद पिकते. कुणाला गळू झालं की आजी जवसाचं गरम पोटीस बांधायची, भोवती हळदीचा लेप लावायची. फोडायची घाई केली की दटावायची, “पिकू दे आधी!” पुढे यवतमाळात सर्जन म्हणून काम करताना या शिस्तीचं वय कळलं. सुश्रुतसंहितेत सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था आहेत. कच्ची सूज चिरणारा आणि पिकलेली तशीच सोडणारा, दोघांनाही सुश्रुताने सारखंच झोडपलं आहे.

१९८९ साली यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेत टिम मोसमन आणि सहकाऱ्यांनी इतर पेशींच्या दाहक संदेशांना आवर घालणारं एक प्रथिन नोंदवलं, तेच इंटरल्यूकिन-१०. आम्हा सर्जनांना त्याचं मोल लगेच उमगलं. आतडं फुटलेला माणूस झरी किंवा मारेगावहून येई तेव्हा पोट फळीसारखं कडक झालेलं असे. पू धुऊन काढला, भोक शिवलं, तरी पुढे मूत्रपिंडं आणि फुफ्फुसं बसत. जंतूंशी लढायला शरीराने सोडलेली टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ ही दाहक प्रथिनं त्याच्याच अवयवांवर उलटत; हाच सेप्सिस. मग शरीराचाच लगाम औषध म्हणून द्यावा, ही आशा रास्त होती.

१९९४ साली इंटरल्यूकिन-१ला अडवणाऱ्या प्रथिनाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सेप्सिसच्या ८९३ रुग्णांत मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. प्रयोगशाळेत उंदरांना असं औषध बहुधा जंतूंच्या विषाच्या आधी किंवा सोबत दिलं जाई. आमचा रुग्ण मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोचे. तोवर दाहाची पहिली लाट ओसरलेली असे, अनेकांची प्रतिकारशक्ती ढासळलेली असे, इंटरल्यूकिन-१० रक्तात आधीच वाढलेलं असे. तेव्हा आणखी लगाम खेचणं म्हणजे जंतूंना रान मोकळं करणं.

हळदीचंही तसंच, प्रयोगशाळेत चालतं ते रुग्णात चालेलच असं नाही. जखमेवरच्या हळदीसाठी १९९५ मध्ये दिलेलं अमेरिकन पेटंट भारताच्या सीएसआयआर या संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झालं, याचा मला अभिमान आहे. पण काचपात्रात टीएनएफ दाबणारं हळदीतलं कुर्क्युमिन पोटातून रक्तात फारसं उतरत नाही. हळदीचं दूध सेप्सिसवरचा इलाज नाही.

या प्रथिनांना शस्त्रक्रियेत जागा मिळायची असेल, तर रुग्णाचा दाह आत्ता कुठल्या अवस्थेत आहे हे आधी खाटेजवळ मोजता यायला हवं. तोवर पोट कडक झालेल्या माणसाला त्याच रात्री यवतमाळला पोचवणारी गाडी, हाच आपल्या जिल्ह्यातला सर्वांत मोठा दाहशामक उपचार आहे.