देवाचा दरबार आणि माणसांचे दरवाजे

धर्म आणि धर्मसंस्था या दोन्ही गोष्टी एकच, असे मानण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, एखाद्याने देवळाची पायरी चढणे सोडले म्हणजे त्याने देवही सोडला, असा निकाल आपण देऊन मोकळे होतो. हा निकाल खोटा ठरविणारी माणसे मराठी मुलखात पुष्कळ झाली. त्यांतील एकाची वाट आपल्या जुन्या मध्यप्रांतातून गेली होती. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

आपल्या पिढीला टिळक पाठ्यपुस्तकातून भेटले ते फुलामुलांचे कवी म्हणून. जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. पोटापाण्याच्या आणि ज्ञानाच्या ओढीने हा संस्कृतज्ञ ब्राह्मण नागपूरला आला. तेथे श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी ग्रंथसंपादनाचे काम केले. पुढे राजनांदगाव संस्थानात नोकरी धरली. राजनांदगाव आज छत्तीसगडात आहे, आणि मराठी-हिंदीचा शेजार तेथेही आपल्यासारखाच जुना.

जातिभेद आणि कर्मकांड यांनी टिळक बेचैन होते. स्वतःच नवा धर्म काढावा, असेही त्यांच्या मनात घोळत होते. अशातच नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक मिशनरी भेटला. गप्पा झाल्या, आणि निरोप घेताना त्याने 'नव्या करारा'ची प्रत हाती ठेवली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे वेगळ्या राहिल्या.

लक्ष्मीबाईंचा प्रवास मला अधिक बोलका वाटतो. सोवळ्यात वाढलेली ही बाई पतीच्या शब्दाखातर धर्म बदलायला तयार नव्हती. जातपात ही देवाने केलेली नसून माणसांनी केली आहे, हे एके दिवशी त्यांच्या स्वतःच्या मनाला पटले, आणि त्या कुणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी आचरण बदलले आणि मग नाव बदलले. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त, स्वतःचीही थट्टा करीत, सांगितले आहे.

पण मुद्द्याची गोष्ट पुढेच आहे. ज्या भिंती ओलांडून टिळक बाहेर पडले, तशाच भिंती त्यांना नव्या घरातही दिसू लागल्या. परक्या चालीची गाणी, परक्या पद्धतीची उपासना, मिशनच्या पगारावर विसंबलेली माणसे, आणि मिशनरी मायबाप व देशी ख्रिस्ती लेकरे असे नाते. हे त्यांना सलत होते. त्यांनी ओव्या-अभंगांच्या वळणाची भजने रचली, कीर्तनाची परंपरा चर्चमध्ये आणली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. अखेर १९१७ साली मिशनची चाकरी सोडून ते साताऱ्यास गेले आणि 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या प्रत्येकाला तेथे जागा होती. त्यांनी ख्रिस्ताला सोडले नव्हते. सोडली होती ती केवळ दरवाज्यावरची पाटी. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले आणि दरबारही फार काळ टिकला नाही.

असाच विचार दुसऱ्या टोकाने सांगणारा माणूस तर आपल्या अगदी शेजारचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडले, हाती खराटा घेतला, आणि १९५६ मध्ये देह ठेवीपर्यंत तो खाली ठेवला नाही. मिळालेल्या पैशांतून त्यांनी देवळे उभारली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. कर्ज काढून तेरवी करू नका, देवापुढे बोकड कापू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांचे कीर्तन. पंथ काढला नाही, चेला केला नाही.

आता आपल्याकडे वळू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहतात, नदीपात्रातल्या पळसाच्या झेंड्यासाठी एकमेकांवर दगड भिरकावतात आणि शेवटी तो झेंडा चंडीमातेला अर्पण करतात. यात डोकी फुटली आहेत, जीवही गेले आहेत. चंडीमातेवर माझी श्रद्धा आहे. म्हणूनच विचारतो, आपल्या लेकरांचे रक्त कोणत्या आईने मागितले? दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रशासनाचा प्रयत्नही आपण हाणून पाडला.

शाळेतले चित्र वेगळे नाही. दहावीच्या परीक्षेआधी जामसावळीच्या हनुमंताला नारळ बोलणारा विद्यार्थी परीक्षेच्या खोलीत बाहीत चिठ्ठी घेऊन येतो. मी चिठ्ठी काढून घेतली तर पालक म्हणतात, "गुरुजी, पोरगा भाविक आहे, सोडून द्या!" भाविक असणे आणि खरे असणे या दोन गोष्टींचा संबंध कुठे तुटला, हे त्या मुलाला कुणी सांगितलेलेच नसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. संस्था नसेल तर श्रद्धा पुढच्या पिढीकडे जाणार कशी? टिळकांचा दरबार ओसरला, हेच त्याचे उत्तर नव्हे काय? आक्षेप खरा आहे. पण आपल्याला इथे सीमेवर त्याचे उत्तर अनुभवाने ठाऊक आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. कचेरीची भाषा हिंदी झाली. तरीही मराठी टिकली, कारण आईने ती चुलीपाशी बोलून दाखविली. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, पाट्या बदलल्या. घरातली बोली मात्र तीच राहिली.

श्रद्धेचेही तसेच आहे. आरतीला टाळ्या वाजविणाऱ्या मुलाने त्याच संध्याकाळी बापाला तराजूत खोट मारताना पाहिले, तर तो आरती विसरेल आणि तराजू लक्षात ठेवील. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकू लावण्याआधी तीतला हिशेब एकदा मुलांना वाचून दाखवता येईल का, एवढे ज्याने त्याने पाहावे.