दट्ट्या-पंपाचा चालक टॉर्क

अनेक सिलिंडरांचा हायड्रॉलिक पंप फिरवायला त्याच्या शाफ्टवर जो पीळ द्यावा लागतो, तो चालक टॉर्क. मोटार, कपलिंग आणि शाफ्टची जाडी याच आकड्यावरून ठरतात. सिलिंडर किती, याचा सरासरी टॉर्कशी थेट संबंध नाही. दर फेऱ्याला पंप एकूण किती तेल ढकलतो आणि किती दाबाविरुद्ध, एवढेच मोजायचे. बारमधला दाबफरक गुणिले दर फेऱ्याचे घनसेंटिमीटर, भागिले 62.8, म्हणजे न्यूटन-मीटरमध्ये आदर्श टॉर्क. घर्षणापोटी त्याला द्रव-यांत्रिक कार्यक्षमतेने पुन्हा भागतात. पुष्कळदा इथे एकूण कार्यक्षमता वापरली जाते. मग गळतीही टॉर्कमध्ये धरली जाते आणि उत्तर फुगते.

तिरक्या तबकडीचा 9 दट्ट्यांचा अक्षीय पंप घेऊ. दट्ट्याचा व्यास 20 मिमी, दट्टे ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास 80 मिमी, तबकडीचा कोन 18 अंश. दर फेऱ्याला सुमारे 73.5 घनसेंटिमीटर तेल निघते. दाब 280 बार असेल, तर ढकलणाऱ्या प्रत्येक दट्ट्यावर सुमारे 8.8 किलोन्यूटन बल येते. दट्ट्या धावेच्या मध्यावर असताना त्याचा शाफ्टवरचा भार सर्वाधिक, म्हणजे 114 न्यूटन-मीटर. दोन्ही टोकांना शून्य. कोणत्याही क्षणी 4 किंवा 5 दट्टे तेल ढकलत असतात. त्यांच्या भारांची बेरीज सरासरी 327 न्यूटन-मीटर भरते आणि वरचे सूत्रही हेच उत्तर देते.

द्रव-यांत्रिक कार्यक्षमता 90 टक्के धरली की टॉर्क 364 न्यूटन-मीटर होतो. मिनिटाला 1480 फेऱ्यांना त्याची शक्ती 56.4 किलोवॉट. 55 किलोवॉटची मोटार इथे थोडक्यात कमी पडते; एक तर 75 ची बसवावी, नाही तर दाब 260 बारवर आणावा.

सिलिंडरांच्या संख्येचा खरा परिणाम दिसतो तो टॉर्कच्या चढउतारात. केवळ भूमितीचा विचार केला, तर हा चढउतार 7 दट्ट्यांना सरासरीच्या 2.5 टक्के, 9 ना 1.5 टक्के, पण 8 दट्ट्यांना तब्बल 7.8 टक्के असतो. संख्या विषम असली की एका फेऱ्यात दट्ट्यांच्या दुप्पट लाटा येतात, त्यामुळे प्रत्येक लाट लहान राहते. म्हणूनच अक्षीय पंपांत 7 किंवा 9 दट्टे सर्रास आढळतात. 6 दट्ट्यांचा चढउतार 3 दट्ट्यांइतकाच, 14 टक्के! तेलाच्या दबण्यामुळे प्रत्यक्षातला चढउतार याहून मोठा असतो, तेव्हा कपलिंग निवडताना राखीव ताकद ठेवावीच लागते.

आदर्श टॉर्कच्या सूत्रात वेग येत नाही. दाब तोच ठेवून व्हीएफडीने, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हने, फेरे निम्मे केले, तर शक्ती जवळपास निम्मी होते, टॉर्क मात्र साधारण तेवढाच राहतो. दाबाखाली सुरू होतानाही टॉर्क साधारण तेवढाच लागतो, पण स्टार-डेल्टा स्टार्टर सुरुवातीला मोटारीला तिच्या आरंभ-टॉर्कचा फक्त तिसरा हिस्सा देतो. त्यामुळे पंप दाबाविना सुरू करणे भाग असते.

पोकलेनचे बकेट कातळाला भिडते तेव्हा तेलाचा दाब चढतो. त्याच वेळी पंपाचा नियंत्रक तबकडीचा कोन कमी करतो. दाब आणि विस्थापन (दर फेऱ्याचे तेल) यांचा गुणाकार, म्हणजेच टॉर्क, ठरलेल्या मर्यादेत राहतो. बकेट मंदावते, पण इंजिन बंद पडत नाही. एकाच शाफ्टवर दोन पंप एकामागे एक जोडले असतील, तर पहिल्याच्या शाफ्टवर दोघांच्या टॉर्कची बेरीज येते. ती उत्पादकाने दिलेल्या कमाल मर्यादेशी ताडून पाहावी लागते, कारण दोन्ही पंप स्वतंत्रपणे सुरक्षित असूनही पहिल्याचा शाफ्ट तुटू शकतो.