सोरायसिस आणि हृदयविकार यांतील जनुकीय संबंध

सोरायसिस हा रोगप्रतिकार यंत्रणेच्या बिघाडातून उद्भवणारा त्वचेचा दीर्घकालीन दाहक विकार असून तो संसर्गजन्य नाही. तीव्र सोरायसिस असलेल्या व्यक्तींमध्ये हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा अधिक आढळतो. या दोन विकारांमागे काही समान जनुकीय घटक आहेत; मात्र त्यांतील संबंध केवळ जनुकांनी स्पष्ट होत नाही.

धोक्याचे प्रमाण

ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवर आधारित एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार तीव्र सोरायसिस असलेल्या ३० वर्षांच्या रुग्णात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका समवयस्कांच्या सुमारे ३.१ पट होता. ६०व्या वर्षी तो सुमारे १.४ पट होता. तरुण वयात असा झटका मुळातच विरळ असल्याने ३.१ पट धोक्यातही प्रत्यक्ष रुग्णसंख्या कमीच राहते.

जनुकीय दुवे

सोरायसिसशी सर्वांत निकटचा संबंध सहाव्या गुणसूत्रावरील 'एचएलए-सी*०६:०२' या जनुकीय भेदाचा आहे. इंटरल्यूकिन-२३ या दाहकारक प्रथिनाशी निगडित जनुकेही महत्त्वाची ठरतात. दाह हा हृदयधमन्यांच्या भित्तीत मेदाचे थर साचण्याच्या प्रक्रियेचाही भाग आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सोरायसिसचे ११,०२४ आणि हृदयधमनी विकाराचे ६०,८०१ रुग्ण यांच्या जनुकीय माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात दोन्ही विकारांचा धोका एकाच दिशेने बदलणारी तीन जनुकीय स्थाने आढळली. चौथ्या स्थानाचा परिणाम मात्र दोन्ही विकारांवर परस्परविरुद्ध होता.

कार्यकारणभाव

जनुकीय भेद जन्मतःच ठरलेले असल्याने त्यांच्या आधारे कारण व परिणाम यांचा क्रम तपासता येतो. याच संशोधनात हृदयधमनी विकाराकडे असलेला जनुकीय कल सोरायसिसचा धोका वाढवत असल्याचे संकेत मिळाले. त्यामुळे 'आधी त्वचा, मग हृदय' हा सरळ क्रम पुरेसा ठरत नाही. लठ्ठपणा दोन्ही विकारांना पोषक असून धूम्रपानाचाही दोहोंशी संबंध आहे.

वैद्यकीय महत्त्व

अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शक तत्त्वांत सोरायसिससारख्या दीर्घकालीन दाहक विकारांचा समावेश धोका वाढवणाऱ्या घटकांत केला. जनुके बदलता येत नाहीत. परंतु रक्तदाब, रक्तशर्करा, कोलेस्टेरॉल, वजन आणि धूम्रपान यांवर नियंत्रण ठेवता येते. म्हणून सोरायसिसच्या रुग्णांनी त्वचेच्या उपचारांबरोबर या बाबींची नियमित तपासणीही करून घेणे हितावह ठरते.