आंतरराष्ट्रीय सुरक्षा कायदा व राजकारण (पदव्युत्तर अभ्यास) : कर्जत–खालापूर परिसराच्या संदर्भात

राष्ट्रांनी बळाचा वापर केव्हा करावा, केला तर कोणत्या मर्यादेत, आणि त्या मर्यादा कोण ठरवतो, याचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा. महाराष्ट्रात हा विषय एका छपराखाली क्वचितच शिकवला जातो. त्याचा कायद्याचा भाग एलएल.एम.मध्ये, सत्ताकारणाचा भाग राज्यशास्त्रात व लष्करी भाग संरक्षणशास्त्रात विभागलेला आहे.

व्याप्ती : संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम २(४) (बळाच्या वापरास मनाई) व कलम ५१ (स्वसंरक्षणाचा हक्क) हा पाया होय. त्यापुढे १९४९चे चार जिनीव्हा करार, अण्वस्त्र प्रसारबंदी करार (१९६८) आणि १९९७मध्ये अंमलात आलेला रासायनिक शस्त्रास्त्रबंदी करार येतात. भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही. रासायनिक करार मात्र स्वीकारला व आपला साठा २००९पर्यंत नष्ट केला. पहिल्या करारात अण्वस्त्रधारी व इतर असा भेद आहे, दुसऱ्यात सर्वांना एकच नियम. हा फरक नुसती कलमे वाचून उमगत नाही, म्हणून कायदा व राजकारण जोडीने शिकावे लागते.

अध्यापन : मुंबई विद्यापीठाचा नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग (स्था. १९४८) कालिना संकुलात आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग असून, १९६२ ते १९६६ या काळात संरक्षणमंत्री असलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे आंतरराष्ट्रीय सुरक्षाविषयक राष्ट्रीय केंद्रही तेथेच स्थापन झाले. नेट परीक्षेत संरक्षण व सामरिकशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. कोकण ज्ञानपीठाचे कर्जत महाविद्यालय किंवा खोपोलीचे के.एम.सी. महाविद्यालय येथून पदवी घेतलेल्यांपुढे हे दोन मुख्य मार्ग असतात : लोकलने कुर्ला गाठून कालिना, अथवा कर्जतला मागून बँकर इंजिने जोडलेल्या गाडीने घाट चढून पुणे.

जाधव खटला : माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७मध्ये देहदंड सुनावला. त्यांच्या अटकेचे ठिकाण व कारण यांबाबत दोन्ही देशांचे दावे परस्परविरोधी आहेत. भारताने ८ मे २०१७ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. नागपुरात कायदा शिकलेले हरीश साळवे हे भारताचे प्रमुख वकील होते. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी, वाणिज्यदूतीय संबंधांवरील व्हिएन्ना कराराच्या कलम ३६चा (अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या वाणिज्यदूताशी संपर्काचा हक्क) पाकिस्तानकडून भंग झाल्याचा व शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्याचा निर्णय दिला. सुटकेची मागणी मान्य झाली नाही. आंतरराष्ट्रीय कायदा कुठवर पोहोचतो व कुठे थांबतो, हे या एका निकालात दिसते.

रसायनी : खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी असलेल्या या औद्योगिक वसाहतीत हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा (स्था. १९६०) कारखाना होता. तेथे तयार होणारे डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड अग्निबाणाच्या द्रव इंधनासोबत ऑक्सिकारक म्हणून वापरतात. ते सुमारे २१ अंश सेल्सिअसला उकळते. खालापूरच्या एप्रिलमधल्या दुपारी उघडे पडले, तर त्यातून तांबूस-तपकिरी विषारी धूर उठेल. म्हणून ते बंद टाकीत दाबाखाली ठेवतात. हायड्राझीन गटातील इंधनाशी संपर्क येताच ठिणगीवाचून पेट घेते. उपग्रह वर नेणारा हाच पदार्थ क्षेपणास्त्रालाही चालतो. त्यामुळे क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेच्या यादीत त्याचा समावेश आहे. भारत या व्यवस्थेचा सदस्य जून २०१६मध्ये झाला. सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा भारताचा २००५चा कायदाही अशा दुहेरी उपयोगाच्या मालाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवतो. मे २०१७मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनी येथील तोट्यातील विभाग बंद करण्याचे ठरवले, तेव्हा डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा देशातील एकमेव स्रोत म्हणून त्याचा प्रकल्प तेवढा वगळून, सुमारे २० एकर जमिनीसह इस्रोकडे सोपवण्याचा निर्णय घेतला.

इतिहास : बळ वापरतानाही मर्यादा पाळल्याचे उदाहरण या परिसरातच आहे. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत फेब्रुवारी १६६१मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाला कोंडीत पकडले व शरण आल्यावर वाट दिली.

परिभाषा : भाषा संचालनालयाचा राज्यशास्त्र परिभाषा कोश उपयुक्त.

मूल्यमापन : हा विषय दिल्लीचा किंवा हेगचा म्हणून दूरचा मानला जातो, रसायनीतील एक टाकी हा समज खोडून काढते. प्रबंधिकेसाठी विषय शोधणाऱ्या कर्जत–खालापूरच्या विद्यार्थ्याने या टाकीपासून सुरुवात करावी.