साडेचार महिन्यांची पलटण

एप्रिल १८९८ मध्ये अमेरिकेने स्पेनशी युद्ध पुकारले, तेव्हा तिचे खडे सैन्य जेमतेम २८ हजारांचे होते. स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबात उतरायचे तर स्वयंसेवकांच्या पलटणी उभारण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांतली पहिली स्वयंसेवक घोडदळ पलटण ‘रफ रायडर्स’ म्हणून गाजली. तिची टेकडीवरची चढाई सर्वांना ठाऊक आहे. मला तिचे सुरुवातीचे दिवस अधिक मोलाचे वाटतात.

कर्नलपद थिओडोर रूझवेल्ट यांना देऊ केले होते. त्यांनी ते घेतले नाही. पलटण सज्ज करण्याचा अनुभव आपल्यापाशी नाही हे ओळखून त्यांनी लेनर्ड वुड यांचे नाव पुढे केले आणि स्वतः त्यांच्या हाताखाली गेले. हा निर्णय मला त्यांच्या रणांगणावरच्या शौर्याहून मोठा वाटतो.

वुड मूळचे लष्करी डॉक्टर, अपाचे मोहिमेत मुरलेले. काय लागेल आणि ते कुठे मिळेल, हे त्यांना नेमके माहीत होते. सगळा जोर एका वस्तूवर होता: क्रॅग कार्बाइन. बहुतेक स्वयंसेवक पलटणींच्या नशिबी काळ्या दारूच्या जुन्या स्प्रिंगफील्ड बंदुका आल्या. गोळी सुटली की धुराचा लोट उठायचा आणि शत्रूला नेम धरायला खूण मिळायची. सान हुआनच्या लढाईत न्यूयॉर्कच्या ७१व्या पलटणीला ते भोगावे लागले. क्रॅगची दारू बिनधुराची. शिवाय खड्या फौजेचे हत्यार तेच, म्हणून काडतुसेही एकच आणि तिच्या खांद्याला खांदा लावून लढणेही शक्य. तलवारींऐवजी क्यूबाच्या रानात चालतील असे कोयते मागवले.

टेक्सासमधल्या सान अँटोनियोत मे महिन्यात माणसे जमली. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, ओक्लाहोमाचे गुराखी आणि खाणकामगार, मूळ अमेरिकी जमातींचे तरुण, शिवाय पूर्वेकडच्या कॉलेजांतले खेळाडू. घोड्यावर बसणे आणि बंदूक चालवणे बहुतेकांच्या अंगवळणी होते. शिकवायची होती ती शिस्त. घोडे मात्र कित्येक कोरेच. ज्यांनी आयुष्यभर रानटी घोडे वठणीवर आणले, तेच इथे चाबूकस्वार झाले. पायी कवायत झाली की घोड्यांवरची, असा दिवस जाई. २९ मे रोजी आगगाड्या फ्लोरिडातल्या टॅम्पाकडे निघाल्या.

टॅम्पात जहाजांची जागा अपुरी पडली. बारापैकी आठ तुकड्यांनाच जाता आले आणि अधिकाऱ्यांचे मोजके घोडे सोडले तर बाकी सगळे तिथेच राहिले. एवढ्या मेहनतीने तयार केलेली जनावरे किनाऱ्यावर आणि स्वार पायी! २२ जूनला ते दाइकिरीला उतरले, दोनच दिवसांनी लास ग्वासिमासला पहिली चकमक झाली. १ जुलैला, सान हुआनच्या त्याच लढाईत, केटल टेकडीवर तीच आठ तुकड्यांची माणसे खड्या फौजेतल्या कृष्णवर्णीय घोडदळाबरोबर चढली. त्यांच्याही हाती क्रॅगच होत्या.

१५ सप्टेंबरला लाँग आयलंडवरच्या माँटॉक इथे पलटण विसर्जित झाली. टॅम्पात घोडे सांभाळत राहिलेल्या चार तुकड्याही तिथे येऊन मिळाल्या होत्या.