श्वानदयेपासून श्वानवैद्यकाकडे

1832 सालच्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात जी दंगल उसळली, तिचे कारण करवाढ नव्हते की धर्मांतर नव्हते. ते होते कुत्री. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात या समजुतीने त्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम कंपनी सरकारने 1813 सालापासूनच जारी केलेला होता. परंतु 1832 मध्ये त्याची मुदत वाढली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागले, तेव्हा शिपायांचा उत्साह इतका बळावला की घरांच्या आवारात शिरून, धन्याच्या डोळ्यांदेखत, त्यांनी पाळीव जनावरांवरही हात टाकला. त्यातच 6 जून हा पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी जमाव कुत्री मारणाऱ्यांवर धावून गेला; दुसऱ्या दिवशी पारशी, जैन, हिंदू, इस्माइली असे सर्वच व्यापारी एक झाले, दुकाने बंद राहिली आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रोजची रसद अडली. सरकारने सैन्य आणून बंदोबस्त केला व पुष्कळांना कैद केले.

एका मुक्या प्राण्यापायी एवढी मोठी व्यापारी वस्ती सरकारशी झगडायला उभी राहिली, याचे आज कोणाला नवल वाटेल. पण पारशी घरातले कुत्र्याचे स्थान ज्याला ठाऊक आहे त्याला ते वाटणार नाही. मृत देहावर कुत्र्याची दृष्टी पडल्यावाचून अंत्यविधी पुरा होत नाही. या विधीला ‘सगदीद’ म्हणतात, आणि डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा त्यासाठी विशेष मानला जातो. जेवणाच्या वेळी कुत्र्याचा घास बाजूला काढून ठेवण्याची रीतही त्यांच्यात जुनी आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ‘वेंदिदाद’ या त्यांच्या धर्मग्रंथाच्या तेराव्या प्रकरणातील विधान. कुत्र्याला वाईट अन्न देणे हा तेथे अपराध ठरवलेला असून दूध, चरबी आणि मांस हे त्याचे योग्य अन्न सांगितले आहे. आणि एखादा कुत्रा वेडा झाला, न भुंकता चावू लागला, तर त्याच्या गळ्यात लाकडी पट्टा अडकवून त्याला आवरावे, पण उपचार मात्र धर्मनिष्ठ मनुष्यावर करावेत तसेच करावेत, अशी आज्ञा आहे. इतक्या प्राचीन काळी श्वानाच्या आरोग्याचा विचार मनुष्याच्या आरोग्याच्या पंक्तीला बसवून करणारे हे वचन मला त्या सबंध दंगलीपेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटते.

मराठी मुलखालाही हा जिव्हाळा परका नव्हता. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतोच. आणि साताऱ्याच्या शाहू महाराजांचा ‘खंड्या’ तर परंपरेत अजरामर झाला आहे. शिकारीत वाघापासून धन्याचे प्राण राखल्याबद्दल महाराजांनी त्याला पालखीचा मान आणि जहागीर दिली, असे सांगतात. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीस त्याची समाधी दाखवतात.

दंगलीनंतर शहरातील शेटजींनी अर्ज-विनंत्या केल्या, आणि कुत्र्यांना ठार न मारता बेटाबाहेर हलवावे अशी तोड पुढे आली. 1834 मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि जैन सावकार मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वराजवळ पांजरपोळ उभा राहिला. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर आपणहून ‘लागा’ बसवून त्याचा खर्च चालवला. ही दया खरी होती, तिला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही; परंतु ती जनावराला निवारा नि अन्न देई, त्याचे दुखणे ओळखून बरे करण्याची विद्या तिच्या हाती नव्हती, आणि भुकेल्या कुत्र्याचे पोट भरल्याने त्याची खरूज किंवा ताप उतरत नाही.

ती विद्या पुढे परळला आली. 1874 मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी मुंबईत मंडळी स्थापन झाली, आणि गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावे बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले. त्याच आवारात 2 ऑगस्ट 1886 रोजी मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालयात येणारे प्रत्येक जनावर आता विद्यार्थ्यांचा पाठ ठरू लागले: श्वासाची गती मोजणे, तोंडातली लाळ व डोळ्यांतील पू पाहणे, जखम धुऊन बांधणे. दयेला अशी शिस्त लागली, हे मुंबईने देशाला दिलेले एक थोर दान होय.

तरीही पिसाळण्याचे भय शिल्लक होते. 1885 मध्ये पॅरिसला लुई पाश्चर यांनी जोझेफ मेस्टर या मुलावर आपली लस यशस्वीपणे वापरली. 1900 मध्ये कसौलीस पाश्चर संस्था निघाली, आणि तेथेच 1911 च्या सुमारास डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून कार्बॉलिक आम्ल वापरून लस सिद्ध केली. पोटात रोज एक याप्रमाणे चौदा सुया टोचून घेण्याची जी धास्ती आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आढळते, ती याच लशीची; गेल्या वीसएक वर्षांतच ती आपल्या देशातून हद्दपार झाली. परंतु ही सर्व तजवीज चावल्यानंतरची, आणि तीही माणसासाठी. कुत्र्यालाच आधी लस टोचावी, म्हणजे चावण्याचा धोकाच उरणार नाही, हा विचार जपानात उमेनो आणि दोई यांनी 1921 मध्ये मोठ्या प्रमाणावर कृतीत आणला. लगेच पुढल्या काही वर्षांत इंग्लंडात लेडलॉ आणि डंकिन यांनी ‘डिस्टेंपर’ या पिलांना खाणाऱ्या रोगावरही लस शोधली.

यामुळे कुत्रा पाळण्याचा अर्थच पालटला. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पहिली रेबीजची लस, पुढे वर्षाला पुनःटोचणी, जंताचे औषध, गोचिडांची झाडाझडती, सकाळ-संध्याकाळ मोकळे फिरणे आणि घरातल्या माणसांचा सहवास, ही आजच्या धन्याची कर्तव्ये झाली. यांतले पहिले काम हुकमी आहे, शेवटचे मात्र सर्वांत सहज विसरले जाते. लस घेतलेला पण दिवसभर गॅलरीत साखळीने बांधलेला कुत्रा निरोगी असेल, सुखी नसतो, आणि दाराशी घंटा वाजताच तो भुंकण्याऐवजी थरथरू लागला तर दोष त्याच्या जातीला देऊन चालत नाही.